भोसरी नावाचं टेम्प्लेट नाही

प्रणाली रात्रपाळीला खराडीला गेली.
जाताना लॅपटॉप उघडा ठेवला माझ्यासाठी.
"पप्पा, फक्त रकाने भरायचे. पत्र ते आपोआप लिहितं."

आधी म्हणालं, टेम्प्लेट निवडा.
व्हिएन्ना, डब्लिन, सिडनी, ओस्लो.
ओस्लोला डावीकडे पिवळी पट्टी होती,
शॉपफ्लोअरवर चालायच्या वाटेला असते तशी,
म्हणून ओस्लो घेतलं.
भोसरी नावाचं काही नव्हतं.

मग विचारलं, पत्राचा स्वर कसा हवा?
आत्मविश्वासाचा, मैत्रीचा, की औपचारिक?
इथे मी बराच वेळ थांबलो.
सव्वीस वर्षं मेंटेनन्सला काढली,
स्वर कुणी विचारला नव्हता.
ओरडलो ते प्रेसच्या आवाजावरून ओरडलो,
आणि ते मैत्रीचंच होतं.

नोकरी सोडण्याचं कारण, यादीतून:
अधिक चांगली संधी. उच्च शिक्षण. स्थलांतर.
स्थलांतर कंपनीचं झालं, होसूरला. माझं नाही.
तरी त्याच्यावरच टिचकी मारली,
अगदीच खोटं नको.

मग ते लिहू लागलं, भराभरा,
पहिल्या दिवशीच्या अप्रेंटिससारखं.
'मी एक अत्यंत उत्साही, परिणामकेंद्री व्यावसायिक असून
आपल्या प्रतिष्ठित संस्थेच्या वाटचालीत
मोलाची भर घालण्यास उत्सुक आहे.'
वाचताना त्या माणसाचा मला थोडा हेवा वाटला.
पत्राला शंभरपैकी ब्याऐंशी गुण पडले.
दहावीला मला एक्केचाळीस होते.

डाउनलोड दाबलं तर
दोनशे एकोणपन्नास रुपये.

कपाटातून प्रणालीची जुनी वही काढली,
केमिस्ट्रीची, मागची पानं कोरी.
म्हटलं, उतरवून घेऊ.

'मी एक अत्यंत' इथवर नीट गेलं.
'उत्साही'ला अडलं.
रिफिल चालू होती, हातच चालेना.
पन्नाशी उलटल्यावर, स्वतःच्या अक्षरात,
स्वतःला उत्साही म्हणायचं म्हणजे
आपणच आपल्या गळ्यात हार घालायचा.
खोडलं. खाली लिहिलं:

'बेअरिंग जायच्या आधी मला ऐकू येतं.
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉडीला लावतो, मूठ कानाला.
आत दाणा उतरला असेल तर
भातात खडा लागल्यासारखं कळतं.
सव्वीस वर्षांत दोनदा चुकलो. दोन्ही वेळा सर्दी होती.
तीन पोरांना शिकवलं, दोघांना येतं.
जळालेली मोटर वासावरून सांगतो,
पण ते कुणालाही येईल.'

शेवटचं 'आपला विश्वासू' ओस्लोचं,
ते तसंच ठेवलं.
रंगनाथ वाघोले.

सकाळी मोशी, कुरुळी करत चाकण.
गेटवरचा गार्ड म्हणाला, कागद घेत नाहीत काका,
तो भिंतीवरचा क्यूआर स्कॅन करा.
तरी हात पुढे केला. उभ्या उभ्या वाचू लागला.
भातातल्या खड्यापाशी ओठ हलले त्याचे.
"खरंच?" म्हणाला.
बोलण्यावरून उदगीरकडचा वाटला.

केबिनमध्ये टेबलफॅन होता, जाळी निघालेला.
स्क्रूड्रायव्हर कुठला तिथे.
त्याचंच पेन घेतलं, निब मोटरच्या पाठीला,
दुसरं टोक कानात.
बाहेर ट्रकवाला हॉर्न मारत होता.
गार्डने न बघता हात केला: थांब.

"मागचा बुश," मी म्हटलं. "दिवाळी काढणार नाही.
तेल सोडत बसू नका, बदलून टाका."

त्याने रजिस्टर ओढलं.
नाव विचारलं, गाव विचारलं,
वेळ टाकली नऊ दहा,
आणि 'येण्याचं कारण' या रकान्यात
मला न विचारता लिहिलं:
पंखा.